सरांची मामाघरं

आमच्या घरी सर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझ्या वडिलांपुढे डावा हात केला. वडील सुरतेत उधन्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होते. रातपाळी करून नुकतेच आलेले, ओट्यावर बसून मिश्री लावत होते. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, मग सरांच्या तोंडाकडे, मग माझ्याकडे.

"मास्तरना उजवा हातले काय व्हयनं?"

"काही झालेलं नाही," सर म्हणाले. "स्काउट डाव्या हातानंच हात मिळवतात. डावा हात हृदयाच्या जवळ असतो."

वडिलांनी थोडा विचार केला. "ते बराबर शे. पन मना डावा हातमा मिश्री शे."

सरांनी तरीही हात मिळवला. चांगला हलवून मिळवला. मग तो काळा तळवा तसाच घेऊन ते मैदानावर गेले, आणि मुलांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "बाईंच्या वडिलांची ओळख झाली."

मला त्या शाळेत लागून आठवडाही झाला नव्हता. शाळा मराठी माध्यमाची, एका ट्रस्टची. अर्धे वर्ग पत्र्याखाली भरायचे आणि शेजारच्या लूमच्या खडखडाटात आम्ही ओरडून शिकवायचो. सर तिथे भूगोल शिकवत आणि स्काउटचं पथक चालवत. खरं म्हणजे पथक चालवत आणि उरल्या वेळात भूगोल शिकवत. मी त्यांना विचारलंसुद्धा, की सर, माझं काही मूल नाही पथकात, तुम्ही माझ्या घरी कशाला आलात?

"शाळेत माणूस येत नाही, बाई. घर येतं. माणूस फक्त पुढे चालतो."

हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत, की मुलं त्यांची नक्कल करताना हेच वाक्य घ्यायची.

दिसायला म्हणाल तर सर म्हणजे एक खाकी हाफ पँट आणि तिच्याखाली दोन काटक्या. थंडी असो, लग्न असो, हेडमास्तरांची निवृत्ती असो, हाफ पँट. लग्नाला फक्त इस्त्री केलेली. चष्म्याची एक काडी कधीतरी मोडली होती. तिथं त्यांनी सुतळी बांधली होती, पण साधी नाही, स्काउटच्या पुस्तकातली रीतसर गाठ मारून. काडी बदलायला सांगितलं तर म्हणत, "गाठ सुटली की बदलेन." गाठ काही सुटली नाही. पाचवीतल्या पोरालाही ते "आपण" म्हणत. "आपण नाक पुसून यावं." आणि स्टाफरूममध्ये गोंगाट झाला की शिट्टी मारत. एकदा हेडमास्तर बोलत असताना मारली.

सर कुठले, हे मात्र कुणाला कळलं नाही. आमच्याकडे माणूस भेटला की आधी गाव विचारतात. पारोळ्याचा, शिरपूरचा, अकोल्याचा, परभणीचा, हे कळलं की मग पुढचं बोलणं. सरांना विचारलं की ते म्हणत, "उधन्याचा." उधन्याचं कुणी असतं का? सगळे कुठून तरी आलेले. पण सर तेवढंच सांगत.

नवीन कुटुंब वस्तीत आलं की सरांना आमच्या आधी कळे. त्यांची खूण होती पाण्याचं पिंप. नवा माणूस खोली घेतो तेव्हा पहिली वस्तू दाराशी ठेवतो ती निळं प्लास्टिकचं पिंप. कोरं पिंप दिसलं की सर थांबत. चहा घेत नसत, पाणी मागत. ओट्यावर बसत आणि पाणी पिऊन झालं की एकच प्रश्न विचारत.

"ह्या घरात हट्टी कोण?"

आई ज्या पोराकडे बोट दाखवी, ते पोर रविवारी मैदानावर. "हट्टी मूल द्या मला," सर म्हणत, "शहाणं तुमच्याकडे राहू द्या." एका घरी बाईनं सरळ नवऱ्याकडे बोट दाखवलं. सर म्हणाले, बरं, यांना पाठवा. तो माणूस रविवारी खरंच आला, आणि तंबू ठोकायला त्याच्यासारखा गडी पथकाला पुन्हा मिळाला नाही. दुसऱ्या एका घरी खाकी पाहून मालक मागच्या दारानं पसार झाला. त्याला वाटलं पोलीस. सर पुढच्या दारात पाणी पीत बसून राहिले. तो परत येईपर्यंत त्यांनी तीन तांबे संपवले होते.

मला ते बरोबर नेत, कारण पुरुष पाळीवर असत आणि बायका सरांशी बोलायच्या नाहीत. माझ्याशी अहिराणीत बोलायच्या. मी बी.ए., बी.एड. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी त्या वेळी कुणी विचारलं नाही तरी सांगायची आणि आजही सांगते. लाजायचं काय त्यात? सर माझी ओळख अशी करून देत: "ह्या बाई बी.ए. आहेत, आणि ह्यांचे वडील त्या पलीकडच्या शेडमध्ये लूमवर आहेत." एका दमात दोन्ही. ऐकून बाई उंबऱ्याच्या आतून बाहेर येऊन बसायचीच.

हे सगळं सुरळीत चाललं होतं ते प्लेगच्या वर्षापर्यंत. त्या वर्षी आठ दिवसांत उधना रिकामं झालं. मिळेल त्या गाडीनं माणसं गावी गेली. परत आली तेव्हा सगळी आली नाहीत. ज्या खोल्यांना कुलपं राहिली तिथं वर्षभरात नवे लोक आले, गल्लीच्या गल्ली नवी पिंपं. आणि पथक आटून आटून इतकं उरलं की एका तंबूत मावलं असतं.

त्यातच ट्रस्टच्या सेक्रेटरीसाहेबांना कॉम्प्युटर पाहिजे होते. साहेब गुजराती, माणूस सरळ. शाळेत एकच पक्की खोली मोकळी होती, ती स्काउटची. तंबू, काठ्या, दोर, घमेली, सगळं तिच्यात. साहेब म्हणाले, "मास्तर, दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या दिवशी मी येतो. झेंड्यापुढे पूर्ण पथक दिसलं तर खोली तुमची. नाही तर सामान काढा."

खोली गेली असती तर सामान भंगारात गेलं असतं आणि पथक संपलं असतं.  त्या दिवशी भूगोलाच्या तासाला सरांनी शिकवलंच नाही, मुलांना म्हणाले, आपण आपले वाचावे.

नव्या घरांची अडचण वेगळी होती. पिंपं मोजून आम्ही दारोदार फिरलो. बायका पाणी देत, हट्टी कोण तेही सांगत, पण पोर पाठवत नसत. प्लेगचा धसका होता. "ओळख ना पाळख, कोनाबरोबर पाठाडू?" असं म्हणत. अशाच एका नव्या गल्लीची पुढारी होती रत्नाबाई. अमळनेरकडची, नवरा डाइंगला म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, कडेवर एक लहान आणि हट्टी थोरला दीपक. ती म्हणेल ते गल्ली करी. ती म्हणाली, "मास्तर, आठे मना कोनी नही. पोऱ्याले काही व्हयनं तर मी कोना दारशी जाऊ?"

आम्ही तिथून निघालो. सर चालता चालता एकदम थांबले. "बाई, मुलाला काही झालं की गावाकडे बाई कुणाकडे जाते?"

"भावाकडे," मी म्हटलं.

अशी मामाघरं निघाली. प्रत्येक नव्या घराला पथकातलं एक जुनं घर मामाघर. पोरानं रविवारी मैदानावरून तिकडे जेवायला जायचं, आणि काही लागलं-सवरलं तर त्यांच्याकडे बघायचं. अट एकच, दोन्ही घरं एका जिल्ह्याची नकोत. खानदेशच्या घराला वऱ्हाडचं मामाघर, परभणीच्या घराला शिरपूरचं. "आपल्या गावचा माणूस आपण होऊनच भेटतो," सर म्हणाले, "त्याला माझी गरज नाही."

दसऱ्यापर्यंत मैदान भरलं. रत्नाबाईच्या मागे सगळी गल्ली आली. रविवारी पोरं मामाघरची चव आपसात सांगायची. कुणाला धपाटे मिळाले, कुणाला वरणफळं, आणि दीपकला त्याच्या मामाघरी, वऱ्हाडच्या वानखडे वहिनींच्या हातची अशी रस्साभाजी, की तो पाणी पीत पीत दोनदा मागून घ्यायचा.

घोटाळा एवढाच होता, की सरांनी जुन्या घरांना सांगितलं होतं, "रविवारी एक ताट जास्तीचं वाढा." आणि नव्या घरांना सांगितलं होतं, "इथे तुम्हाला एक भाऊ आहे." सरांना दोन्ही गोष्टी सारख्याच वाटत होत्या. त्यांना जगातल्या सगळ्या नद्या पाठ होत्या, पण बहिणीचं नातं म्हणजे काय काय, ते त्यांच्या गावीही नव्हतं.

दिवाळीत रत्नाबाईला गावी जाता आलं नाही, कडेवरचं पोर तापलं होतं. भाऊबीजेला तिनं नवं लुगडं नेसलं, ताट केलं, निरांजन, सुपारी, नारळ, करंज्या, आणि दीपकला पुढे घालून निघाली वानखडेंकडे. ओवाळायला.

वानखडे लूमचे फिटर. हात सोन्याचे, बोलणं काटकसरीचं. रत्नाबाई येणार हे त्यांना आदल्या दिवशी पोरांकडून कळलं आणि ते सकाळीच चलथाणला निघून गेले, तिथल्या साखर कारखान्यात एक दोस्त आहे म्हणे. दारात वहिनी. त्या बिचाऱ्या काय करणार? "ते घरी नाही बाप्पा," म्हणाल्या. रत्नाबाई म्हणाली, थांबते. ती ताट घेऊन ओट्यावर बसली. निरांजनातलं तेल संपलं. वहिनींनी दोनदा चहा आणला, तो तिनं घेतला नाही. मग उठली, ताटावर रुमाल टाकला आणि भर वस्तीतून परत आली. सगळ्यांनी पाहिलं.

रविवारी मैदानावर नव्या घरांचं एक पोर नाही.

सोमवारी वानखडेच सरांकडे आले, आणि त्यांच्या मागे जुन्या घरांतले आणखी काही जण. मी तिथे होते.

"सर, हे काय लावलं तुमी?" वानखडे म्हणाले. "मले चार बहिनी हायेत गावाकडं. त्यायच्याच दारी जानं होत नाही, अन् हे पाचवी कुठून आनली? आज ओवाळनी, उद्या पोराच्या लग्नात मामाचा मान, मंग बाळंतपन. म्या जेवाले घालतो म्हनलं होतं. भाऊ होतो म्हनलं नव्हतं."

बाकीचे माना डोलावत होते. मला वाटलं, सर आता म्हणतील की बाबांनो, हा स्काउटचा खेळ आहे, मनावर घेऊ नका. तसं म्हटलं असतं तर जुनी घरं थांबली असती आणि नवी कायमची गेली असती. मनावर घ्या म्हटलं असतं तर उलटं. सर चष्मा काढून पुसत बसले.

"मी आधी तिला भेटून येतो," ते म्हणाले.

आम्ही गेलो. रत्नाबाई तांदूळ निवडत होती. सरांनी पाणी मागितलं, तिनं दिलं. मी अहिराणीत तिला समजावू लागले, की बाई, भांडण कशाला, त्यांचं चुकलं असेल पण पोराचं नुकसान नको.

तिनं सूप खाली ठेवलं. "बाई, मी भांडेल नही. मी रुसेल शे. भांडाले कोनीबी चालस. रुसाले आपलं मानूस लागस. आठे येल्यापासून मी कोनावर रुसनूच नव्हती."

सरांना अहिराणी अर्धीच कळे. त्यांनी मला विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं. सर पाण्याचा तांब्या हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. आणि मग त्यांचा चेहरा असा फुलला, की मला राग आला. इकडे पथक बुडतंय आणि हा माणूस हसतोय!

"रुसल्या?" गल्लीतून बाहेर पडताना ते म्हणाले. "बाई, त्या खरंच रुसल्या!"

"मग आता समजूत कोण काढणार?"

"मी नाही. तुम्हीही नाही. ज्याच्यावर रुसल्या तो."

वानखडेंना त्यांनी तसंच सांगितलं. "तुमची बहीण रुसली आहे. मी काही करू शकत नाही, तुमच्या घरातली गोष्ट आहे."

"माह्या घरातली?"

"मग कुणाच्या? शाळेच्या घरातली तर नाही."

वानखडे पाय आपटत गेले. मी सरांना म्हटलं, शाळा उघडायला किती दिवस राहिलेत माहीत आहे का? जाऊन हातापाया पडा, काहीतरी करा. सर म्हणाले, "बाई, आपण बी.ए. आहात. नवरा-बायको, भाऊ-बहीण यांच्या मधे जाऊ नये, एवढं तर शिकवलं असेल." हे कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. पण त्यांनी एवढ्या गंभीरपणे सांगितलं की मी घरची वाट धरली. रात्रीच्या जेवणात मात्र माझं लक्ष नव्हतं. मला तोवर ते पथक माझंही वाटायला लागलं होतं.

पुढचं मला माझ्या वडिलांनी सांगितलं, कारण वानखडे त्यांच्याच शेडमध्ये फिटर. लूमच्या आवाजात माणसं खुणेनं बोलतात, पण ही गोष्ट ओरडून बोलायची होती. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले तसं जो तो वानखडेंना विचारू लागला. "काय फिटर, बहीण रुसली म्हणे?" "फिटर, मशीन जोडतोस, नातं नाही जोडता येत?" ओडिशाचा एक कामगार हिंदीत म्हणाला, "दीदी को मना लो, भाई." शेवटी वानखडे उखडले. पाना खाली टाकून ओरडले, "ते माही बहीन नाही!"

माझे वडील लूमवर तुटलेल्या तारांना, म्हणजे धाग्यांना, गाठ मारत होते. मान वर न करता म्हणाले, "बहीन नही, तर रुसनी कशी?"

वानखडे पाना उचलून पुढच्या मशीनकडे वळले. वडील सांगायचे, त्या पाळीत फिटरनं दोन मशीनं उलटी बसवली.

शाळा उघडायचा दिवस आला. सकाळी मैदानावर जुनी मूठभर पोरं स्कार्फ बांधून उभी. सेक्रेटरीसाहेब वेळेवर आले आणि खुर्चीवर बसले. सरांचा पत्ता नाही. हेडमास्तरांनी मला पिटाळलं, जा, त्यांना शोधून आणा.

सर रत्नाबाईच्या गल्लीच्या तोंडाशी काठीला टेकून उभे होते, पूर्ण गणवेशात. मी धापा टाकत म्हटलं, "सर, साहेब येऊन बसलेत!"

"श्श."

गल्लीत रत्नाबाईच्या बंद दारापुढे वानखडे उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. बाजूला वहिनी. मागे जुन्या घरांतली निम्मी माणसं, ती बघायला आली होती की पाठिंब्याला, सांगता येत नाही. ओट्याओट्यावर बायका. कुणी नळ सोडून आलेलं, कुणाच्या हाताला पीठ.

"बाई, दार उघड," वानखडे म्हणाले.

दार बंदच.

"चुकलं माहं. म्या घरी पाह्यजे होतो."

आतून भांडं वाजलं. म्हणजे ऐकू जात होतं.

"सर, चला ना," मी म्हटलं. "ते झेंडा न फडकवताच निघून जातील."

"घाई केली तर समजूत निघत नाही, बाई," सर म्हणाले. ते जागचे हलले नाहीत, पण त्यांनी मनगटावरचं घड्याळ दोनदा पाहिलं.

वानखडेंनी इकडेतिकडे पाहिलं. एवढ्या लोकांपुढे तो माणूस कधी बोलला नव्हता. त्यांनी घसा खाकरला. "पाह्य व बाई, मले बोलता येत नाही. तुह्या पोराले आमच्या घरची भाजी आवडते. दोन रविवार झाले, त्याचं ताट मांडून उचलून ठेवतो आमी. आता तू नाही आली, तं हे तुही वहिनी मले जेवाले देनार नाही."

"नाहीच देनार," वहिनी म्हणाल्या.

कडी वाजली. रत्नाबाई दारात उभी राहिली, डोक्यावर पदर, चेहरा ताठ. तिनं हात पुढे केला. वानखडेंनी पुडकं दिलं. तिनं कागद सोडला, साडी उलगडली, उजेडाकडे धरली, पदर पाहिला, काठ पाहिला. सगळी गल्ली माना उंचावून.

"हाऊ रंग?" ती म्हणाली. "हाऊ रंग कोनी पसंत कया?"

वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. "घ्या! झाली एकदाची नणंद!"

जो हशा उठला तो मैदानापर्यंत ऐकू गेला असणार. रत्नाबाईही हसली, साडी काखेत मारली आणि आत वळून ओरडली, "दीपक, तुन्हा फडका बांध, चाल!" फडका म्हणजे स्कार्फ. मग ओट्याओट्यावरून तेच. पोरं आधीच तयार होती, कुणाकुणाचा तर गणवेशही घातलेला. त्यांच्या आयांनी ठरवूनच ठेवलं होतं की काय, देव जाणे.

मैदानावर सगळी वरात एकदम शिरली. पुढे सर, मागे पोरं, त्यांच्या मागे बायका, कडेवरची लेकरं, पाळीवर जायचे ते डबे घेऊन पुरुष, आणि वानखडेंच्या खांद्यावर रत्नाबाईचं धाकटं. सेक्रेटरीसाहेब खुर्चीतून उठले होते, बहुतेक जायलाच. सरांनी शिट्टी मारली. पोरं रांगेत लागली. बायाबापड्या कुठे उभं राहायचं ते न कळून पोरांच्या मागेच उभ्या राहिल्या, आणि झेंडा वर गेला तेव्हा सगळ्यांनीच हात कपाळाला लावले. कुणी उजवा, कुणी डावा.

साहेबांनी रांगा डोळ्यांखालून घातल्या. मागची गर्दीही पाहिली. खोली पथकाकडेच राहिली. कॉम्प्युटर नंतर हेडमास्तरांच्या केबिनमध्ये पडदा लावून बसवले, ते पुढचं. त्या वेळी त्यांनी घड्याळावर बोट ठेवून एवढा उशीर का ते विचारलं.

"मास्तर, आटलुं मोडुं केम?"

"घरगुती कारण होतं, साहेब," सर म्हणाले.

साहेबांनी त्या सगळ्या माणसांकडे बघून ही घरं किती ते विचारलं, "केटलां घर छे आ?"

सरांचं गुजराती माझ्या वडिलांपेक्षाही कच्चं. त्यांनी मागे वळून एकदा पाहिलं. रत्नाबाई वहिनींना साडीच्या रंगावरून अजून सुनावतच होती.

"एक ज छे, साहेब," सर म्हणाले. "जरा भांडखोर छे."